‘रन’चे अर्थ पाठ करून राहिलेल्या भावाला

या वेळचं पत्र मंगरूळपीर तालुक्यातल्या एका भावाचं आहे. नाव छापू नका म्हणाला म्हणून छापत नाही, पण पत्र त्याच्याच शब्दात देते, कारण असं मोकळं पत्र लिहायची हिंमत लय कमी पोरं करतात.

“ताई नमस्कार. मी बीकॉम झालो अन् गावाजवळच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत स्टोअर अन् बिलिंग पाहतो. जूनमध्ये आमच्या मॅनेजर साहेबाचा वॉट्सॲपवर मेसेज आला, ‘वुई आर रनिंग लो ऑन सीड. रन इट बाय मी बिफोर यू ऑर्डर.’ रन म्हणजे पळणे एवढंच मले माहीत. मले वाटलं साहेब म्हणून राहिले का बियाणं कमी पडून राहिलं, पळापळ करून ऑर्डर टाक. मी सोयाबीनच्या बॅगांची ऑर्डर टाकून देली. साहेबानं तं दुसरीकडं आधीच बुकिंग करून ठेवलं होतं. बॅगा सभासदांनी पेरणीच्या आत उचलल्या, नुकसान काही झालं नाही, पण चार कास्तकारांसमोर साहेब म्हणे, साधं इंग्रजी समजत नाही तं ऑफिसात काऊन बसला. तेव्हापासून रोज रात्री डिक्शनरी घेऊन बसतो अन् रनचे अर्थ वहीत लिहितो. पानं भरून राहिली पण अर्थ संपत नाहीत, अन् रात्री लिहिलेलं सकाळी याद राहत नाही. एका शब्दाचं असं, तं पूर्ण भाषा कधी यायची? का नादच सोडून देऊ?”

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाद सोडू नको, पण ती वही बंद कर. तू मेहनत करून राहिला यात शंकाच नाही, पण ती अशा जागी करून राहिला जिथं कोणाचीच मेहनत पुरत नाही, आणि हे मी तुला धीर द्यायला म्हणत नाही, याला पुरावा आहे.

साहेब म्हणाले ‘साधं इंग्रजी’. आता हे ऐक. ऑक्सफर्डचा जो सगळ्यात मोठा इंग्रजी शब्दकोश आहे त्याची दुसरी आवृत्ती 1989 साली आली, 20 खंडांची. त्यात सगळ्यात लांब नोंद कोणत्या शब्दाची होती? ‘सेट’ची. तीन अक्षरांचा शब्द आणि त्याचे 430 अर्थ. पुढं त्याच कोशाची नवी आवृत्ती तयार करणं सुरू झालं, ते काम अजून चालूच आहे, आणि त्यात ‘सेट’ला मागे टाकून पहिला नंबर घेतला तो तुझ्या ‘रन’नं. एकट्या क्रियापदाचे 645 अर्थ. म्हणजे चार लोकांसमोर ज्या शब्दावरून तुला बोलणं खावं लागलं तो इंग्रजीतला सगळ्यात जास्त अर्थ असलेला शब्द आहे. त्याला साधा म्हणणं मला मान्य नाही.

मी शाळेत इंग्रजी शिकवते आणि आपल्या मराठी मीडियमच्या पोरांचं एक कायम पाहत आले. त्यांना मोठे शब्द अडत नाहीत. जर्मिनेशन, मॉइश्चर, फर्टिलायझर, इनव्हॉइस, हे शब्द तुलाही येतच असतील, कारण मोठ्या शब्दाला बहुतेक करून एकच काम असतं आणि तो ते काम सोडून दुसरीकडं जात नाही, जर्मिनेशन म्हणजे उगवण, झालं, विषय संपला. अडतात ते छोटे. रन, गेट, सेट, टेक, पुट. जे शब्द लहान पोरगं पहिल्यांदा शिकतं तेच सगळ्यात जास्त वापरले जातात, आणि जितके जास्त वापरले जातात तितके त्यांना नवे नवे अर्थ फुटत जातात. म्हणून छोटा शब्द म्हणजे सोपा शब्द हे डोक्यातून काढून टाक, आणि तो अडला म्हणून आपण कच्चे हेही काढून टाक.

आता तू म्हणशील ताई मग इंग्रज लोक 645 अर्थ पाठ करतात का. नाही करत. आणि तूही करत नाही.

‘लागणे’ घे आपला. सकाळी थंडी लागते, चहा गोड लागतो, चहाला साखर किती लागते ते विचारतो, चुलीवर भात बुडाला लागतो, वावरात जाताना पायाला दगड लागतो, बोंडाला अळी लागते, विहीर खोदता खोदता पाणी लागतं, बारावीचा निकाल लागतो, कोणाला नोकरी लागते, कोणाला नाद लागतो, खताच्या दुकानासमोर रांग लागते, बाबांचा दुपारी जरा डोळा लागतो, घराला कुलूप लागतं, आणि नवीन माणूस दिसला तं आपण विचारतो हा तुझा कोण लागतो. यातलं तू कधी पाठ केलं? शाळेत कधी ‘लागणेचे अर्थ लिहा, गुण दहा’ असा प्रश्न आला? नाही न. पण यातला एकही अर्थ तुला अडत नाही. दुसऱ्या राज्यातून बदली होऊन आपल्या गावच्या बँकेत आलेला माणूस मराठी शिकायला लागला की त्याला विचार, ‘लागणे’नं त्याला जेवढा घाम फुटत असेल तेवढाच तुला ‘रन’नं फुटून राहिला.

त्यातही एक जागा नीट पाह्य, कारण तुझ्या मेसेजची किल्ली तिथंच आहे. ‘आईला गाडी लागली’ आणि ‘फलाटावर गाडी लागली’. गाडी तीच, लागली तेच. पण पहिल्यात आईला मळमळून राहिलं, आपण लिंबू शोधतो, आणि दुसऱ्यात एसटी येऊन उभी राहिली, आपण पिशव्या उचलतो. तुला फरक कसा कळला? ‘लागली’कडं पाहून नाही कळला, बाजूच्या शब्दावरून कळला. आईला की फलाटावर. ‘ला’ की ‘वर’. एवढ्याशा प्रत्ययावर पूर्ण अर्थ फिरला आणि तुझ्या कानाला ते ऐकताक्षणी समजलं. गावातला एकच माणूस कोणाचा बाप, कोणाचा मामा, कोणाचा सासरा असतो, कोण बाजूला उभं आहे त्यावर त्याचं नातं ठरतं, शब्दाचंही तसंच आहे.

तर आता तुझा मेसेज उघडून पाहू. पहिलं वाक्य, ‘रनिंग लो ऑन सीड’. इथं रनच्या बाजूला ‘लो’ बसला, आणि मग ‘ऑन’ आणि वस्तू. रनिंग लो ऑन डिझेल, रनिंग लो ऑन कॅश. अर्थ, कमी होत चाललं. आपण म्हणतो न ‘बियाणं संपत आलं’, तेच. आणि पूर्ण संपलं की ‘रन आऊट ऑफ’. वुई हॅव रन आऊट ऑफ सीड, बियाणं संपलं. हे वाक्य तू बरोबर समजला होता बरं का, तूच पत्रात लिहिलं की बियाणं कमी पडून राहिलं. म्हणजे तुझा कान काम करून राहिला, अंदाज बरोबर होता.

दुसरं वाक्य, ‘रन इट बाय मी’. इथं रन आणि बायच्या मधी ‘इट’ आला आणि बायच्या पुढं माणूस आला. रन, मग एखादी गोष्ट, मग बाय, मग माणूस. अशी जोडणी आली की अर्थ होतो त्या माणसाच्या कानावर घाल, त्याला एकदा दाखव, त्याचं मत घे. साहेब म्हणत होते ऑर्डर टाकायच्या आधी मला विचार. पळायचा इथं काही संबंध नाही.

पण थांब, कारण याच दोन शब्दांनी तुझा पुन्हा घात होऊ शकतो. तुमच्या कंपनीच्या माहितीपत्रकावर किंवा बोर्डावर कुठंतरी असं लिहिलेलं असेल, ‘रन बाय फार्मर्स’. बऱ्याच शेतकरी कंपन्या लिहितात, आणि अभिमानानं लिहितात, लिहावंच, कारण 2002 साली कंपनी कायद्यात बदल करून उत्पादक कंपनी हा प्रकार आणला तो याचसाठी की कंपनीचे मालक स्वतः उत्पादक असावेत. आता ‘रन बाय फार्मर्स’ म्हणजे शेतकऱ्यांना विचार असं होत नाही, शेतकऱ्यांनी चालवलेली असं होतं. रन तोच, बाय तोच, पुढं माणसंच. फरक कुठं पडला? मधात ‘इट’ नाही. ‘रन इट बाय फार्मर्स’ म्हटलं तं शेतकऱ्यांच्या कानावर घाला, आणि ‘रन बाय फार्मर्स’ म्हटलं तं शेतकऱ्यांनी चालवलेली. हे दोन्ही एका कागदावर एकाखाली एक लिही आणि पाच मिनिटं नुसतं पाहत बस. आईला गाडी आणि फलाटावर गाडी, अगदी तीच गोष्ट.

आता रन समजायला तुझ्याजवळ एक मोठा आधार आहे तो वापर. आपलं ‘चालणे’. रनच्या अर्थांचा एक मोठा गठ्ठा आपण पळणे म्हणून नाही तं चालणे म्हणून बोलतो. दुकान चालवणे, रन अ शॉप. मोटर चालू आहे, मोटर इज रनिंग. घड्याळ मागे चालून राहिलं, क्लॉक इज रनिंग स्लो. शाळा चालवणे, संस्था चालवणे, घर चालवणे, सगळीकडं रन. कोणी नको तिथं लय जीभ चालवत असेल तं इंग्रजीतही ‘रन युअर माउथ’ म्हणतात. शुगर आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली म्हणायचं असेल तं ‘इट रन्स इन द फॅमिली’. आणि हे वाचून तुला आश्चर्य वाटेल, पोट चालणे म्हणजे जुलाब, त्याला इंग्रजी बोलण्यात ‘द रन्स’ म्हणतात. दोन भाषा इतक्या लांबच्या, पण माणसाचं डोकं सारखंच चालते. पण हा आधार सगळीकडं पुरत नाही हेही सांगून ठेवते. फाटकी नोट चालत नाही, तिथं रन नाही लागत. ‘उद्या आलो तं चालते का’, तिथंही नाही. आणि पोट चालतं म्हणून ‘स्टमक इज रनिंग’ केलं तं ऐकणारा अंदाजानं समजून घेईल पण ते इंग्रजी नाही.

दुसरा गठ्ठा वाहण्याचा. नाक वाहते, नोज इज रनिंग. नळ चालू राहिला, टॅप इज रनिंग. नदी वाहते. नव्या ओढणीचा रंग सुटून बाकीच्या कपड्यांना लागला, कलर्स रॅन. हा रनचा ओढूनताणून केलेला अर्थ वाटतो पण तसं नाही. रनचं जे जुनं इंग्रजी मूळ आहे, रिन्नन, त्याचा अर्थ पळणे आणि वाहणे दोन्ही होता, आणि जर्मनमध्ये त्याचाच भाऊबंद शब्द ‘रिनेन’ आजही वाहणे याच अर्थानं वापरतात. म्हणजे रनमध्ये पाणी पहिल्यापासूनच आहे. हे एकदा डोक्यात बसलं की ‘रन-ऑफ’ शब्द कधी विसरत नाही. तुमच्या कंपनीत पाणलोटाचं किंवा पोकराचं, म्हणजे सरकारच्या कृषी संजीवनी प्रकल्पाचं, ट्रेनिंग झालं असेल तं स्लाईडवर हा शब्द पाहिलाच असशील. सरकारी मराठीत त्याला अपधाव म्हणतात. पाऊस पडला, काळ्या मातीत जेवढा मुरायचा तेवढा मुरला, आणि जो मुरला नाही तो उतारानं वाहून नाल्याला गेला, तो रन-ऑफ. बीबीएफवर म्हणजे रुंद सरी वरंब्यावर सोयाबीन पेरा असं जे सांगतात त्याचं एक कारण हेच, सरीत पाणी थांबतं, मुरतं, आणि जास्तीचं पाणी माती न नेता निघून जातं. तुझ्या रोजच्या कामाचा शब्द आहे हा, वहीतल्या कोणत्याही अर्थापेक्षा तुला हाच कामाचा.

आणि ‘ड्राय रन’. याच्यावर जरा थांबते कारण हा आपल्या वावरातही आहे आणि ऑफिसातही आहे. मोटरच्या पॅनलवर किंवा स्टार्टरवर ड्राय रन लिहिलेलं तू पाहिलं असशील. विहिरीतलं, बोअरमधलं पाणी खाली गेलं आणि मोटर पाण्याशिवाय फिरत राहिली तं तो ड्राय रन. सबमर्सिबल मोटर तं सभोवतालच्या पाण्यानंच थंड राहते, पाणी नाही तं ती तापते आणि जळते, म्हणून पॅनलमध्ये ड्राय रनची सोय असते, ती मोटर आपोआप बंद करते. उन्हाळ्यात मोटर जळाली म्हणजे काय असतं ते तुला सांगायला नको, रिवाइंडिंगचा खर्च आणि तितके दिवस वावर कोरडं. तर तिथं ड्राय रन म्हणजे धोका. आता 2021 चा जानेवारी आठव. कोरोनाची लस द्यायच्या आधी सरकारनं लसीकरणाची ड्राय रन घेतली होती, आपल्या विदर्भात नागपूर जिल्ह्यातही झाली. लोकं केंद्रावर आणली, नाव पाहिलं, बसवलं, सगळं केलं, लस मात्र कोणालाच दिली नाही. तिथं ड्राय रन म्हणजे रंगीत तालीम. उद्या साहेबांनी मेसेज टाकला ‘लेट्स डू अ ड्राय रन ऑफ द बिलिंग सॉफ्टवेअर’ तं घाबरून स्विच बंद करू नको, त्यांचं म्हणणं असेल खोटी चार बिलं काढून पाहू. आणि शेतकऱ्याचा फोन आला की मोटर ड्राय रन दाखवून राहिली तं तालीम समजून बसू नको, त्याला आधी विहिरीत पाणी पाहायला सांग. बाजूला मोटर आहे का सॉफ्टवेअर आहे, एवढंच पाहायचं.

बाकीचे काही पटापट सांगते. गाडीच्या बाबतीत आपणही धावणेच म्हणतो, अकोला स्टेशनवर ऐकतोस न, गाडी एक तास उशिरानं धावत आहे, आणि ती गाडी त्या वेळी कुठंतरी सिग्नलला उभी असते. रनिंग लेट. माणूसही रनिंग लेट असतो, म्हणजे त्याला उशीर होऊन राहिला, तो पळून राहिला असं नाही. रस्ता नदीच्या काठानं जातो, त्याला इंग्रजीत रोड रन्स म्हणतात, आपण ‘जातो’ म्हणतो. कृषी केंद्रात उधारी चढली, रॅन अप अ बिल. बाजारात कोणी अचानक भेटला, रॅन इनटू हिम, आणि तेच ‘रॅन इनटू अ ट्री’ म्हटलं तं गाडी झाडावर आदळली. यादीवरून एकदा नजर फिरव, रन थ्रू द लिस्ट. निवडणुकीचं तं मजेशीर आहे, अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीला ‘रन’ करतो आणि इंग्लंडमधला ‘स्टँड’ करतो, आपला सरपंचही उभाच राहतो, तिथं आपलं इंग्लंडशी जुळलं. ‘रन ऑफ द मिल’ हा शब्द कापसाच्या मुलखातल्या माणसाला तं माहीत असावाच. मिलमधून माल जसा निघाला तसा, निवड न करता, प्रतवारी न लावता, म्हणून पुढं त्याचा अर्थ झाला सर्वसाधारण, काही खास नसलेलं. आणि क्रिकेट तुला मी काय शिकवू, रन, रन आऊट, रन-अप, हे तं आपण आईच्या भाषेसारखे बोलतो. विदर्भाची टीम 2023-24 च्या रणजीत मुंबईकडून फायनल हरली तेव्हा पेपरात रनर-अप लिहून आलं, आणि पुढच्याच वर्षी जामठ्याला केरळविरुद्ध फायनल खेळून चॅम्पियन झाली. रनर-अप म्हणजे उपविजेता हे तुला कोणी पाठ करायला लावलं होतं का? टीमच्या प्रेमानं लक्षात राहिलं.

मला जे सांगायचं ते इथंच आहे. अर्थ एकटा लक्षात राहत नाही, ज्या वाक्यात तो भेटला त्या वाक्यासोबत राहतो. तुझ्या वहीत ‘रन’ समोर ‘धावणे, वाहणे, चालवणे, संपणे, उभे राहणे’ अशी रांग असेल. ती रांग सकाळी विसरणारच, त्यात तुझ्या डोक्याचा काही दोष नाही, तिथं डोक्याला धरायलाच काही नाही.

तो ऑक्सफर्डचा कोश कसा बनला ते माहीत आहे का? 19 व्या शतकात त्यांनी लोकांना आवाहन केलं, पुस्तकं वाचा, आणि एखादा शब्द जिथं दिसला ते पूर्ण वाक्य कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पाठवा. हजारो सामान्य वाचकांनी चिठ्ठ्या पाठवल्या, लाखोंनी पाठवल्या. जेम्स मरे म्हणून संपादक होते, त्यांनी बागेत पत्र्याची एक खोली बांधली आणि तिच्या भिंतीला लाकडी खण करून त्या चिठ्ठ्या लावल्या. आधी वाक्यं आली, मग त्या वाक्यांचे गट पाडले, आणि गटावरून अर्थ लिहिले. 1884 ला पहिला भाग निघाला आणि 1928 ला काम पूर्ण झालं, तोवर मरे जाऊन 13 वर्षं झाली होती. म्हणजे जगातले सगळ्यात मोठे कोशकारसुद्धा अर्थापासून वाक्याकडं गेले नाहीत, वाक्यापासून अर्थाकडं आले. तू उलटा चालून राहिला, म्हणून दमला.

तर असं कर. बिलबुकाच्या कोऱ्या पाठीच्या चिठ्ठ्या काप, स्टोअरमध्ये तशीही रद्दी असतेच. दिवसभरात साहेबांच्या मेसेजमध्ये, औषधाच्या डब्यावर, मोटरच्या पॅनलवर, कंपनीच्या ईमेलमध्ये जिथं असा छोटा शब्द दिसला ते वाक्य जसंच्या तसं लिही. खाली आपल्या बोलीत लिही, वऱ्हाडीत, पुस्तकी मराठीत नको. ‘वुई आर रनिंग शॉर्ट ऑफ बॅग्ज’, खाली ‘बारदाना कमी पडून राहिला’. ‘आय ॲम रनिंग लेट’, खाली ‘मले उशीर होऊन राहिला’. आणि आपली वऱ्हाडी इथं मोठी मदत करते हे कोणी सांगत नाही, ‘करून राहिलो, येऊन राहिलो, होऊन राहिलं’ हे आपलं बोलणं इंग्रजीच्या ‘आय एन जी’शी इतकं बरोबर बसतं की पुण्याच्या पोराला ‘मी येतो’ म्हणजे आय कम का आय ॲम कमिंग हा गोंधळ होईल पण तुला व्हायचं कारण नाही. येऊन राहिलो, आय ॲम कमिंग. आपल्या बोलीला हसणारे लय भेटतील, तू तिला शिकायचं अवजार कर.

रोज एक चिठ्ठी झाली तरी खूप आहे. ज्या दिवशी नवीन वाक्य भेटलं नाही त्या दिवशी जुन्या चिठ्ठ्या वाच आणि मोठ्यानं वाच, लाज सोडून. डिक्शनरी फेकू नको, पण ती शेवटी वाप‍र. म्हणजे आधी वाक्य भेटू दे, अंदाज लाव, आणि मग अंदाज बरोबर आहे का पाहायला डिक्शनरी उघड. आणि शिकणाऱ्यांसाठी बनवलेली डिक्शनरी घे, जिच्यात प्रत्येक अर्थाखाली उदाहरणाचं वाक्य असतं, मोबाईलवर फुकट मिळतात. नुसता इंग्रजीला मराठी शब्द देणारी घेऊ नको, ती तुला पुन्हा त्या रांगेतच नेऊन उभी करेल.

आता साहेबांचं. हे मला मनापासून लागलं, कारण इंग्रजी तू वर्षभरात दुरुस्त करशील पण चार कास्तकारांसमोर झालेला अपमान असा लवकर जात नाही. साहेबांची ऑर्डरबद्दल नाराजी समजू शकते, पैसा सभासदांचा आहे, बियाणं डबल झालं असतं आणि पावसानं ताण दिला असता तं कंपनी अडकली असती, सोयाबीनचं बियाणं पुढच्या वर्षी ठेवून त्याची उगवण घसरते हे तुलाही माहीत आहे. पण ‘ऑफिसात काऊन बसला’ हे म्हणायचं काही काम नव्हतं. ज्या कंपनीचा प्रत्येक सभासद मराठी बोलतो, ज्या कंपनीचं बियाणं, बारदाना, वजनकाटा सगळं मराठीत चालतं, तिथं स्टोअरच्या पोराला बियाण्याचा मेसेज इंग्रजीतच का पाठवायचा, तोही बोलीतल्या इंग्रजीत, हा प्रश्न मी साहेबांनाही विचारला असता. काम पैशाचं असेल तं मेसेज ज्याला वाचायचा त्याच्या भाषेत पाहिजे. हे मी तुझी बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाही, कामाच्या दृष्टीनं म्हणते.

तू साहेबांना एकटं गाठ, सकाळी ऑफिस उघडायच्या वेळी, बाकीचे यायच्या आत. भांडू नको आणि माफीही पुन्हा पुन्हा मागू नको, एकदा झाली असेल तं झाली. एवढंच म्हण, “साहेब, त्या दिवशी मेसेज मला उलटा समजला. मी इंग्रजी शिकून राहिलो, पण ऑर्डरचा आणि पैशाचा मेसेज असला तं तेवढा मराठीत टाकत जा, म्हणजे पुन्हा असं होणार नाही.” बहुतेक माणसं यावर हो म्हणतात. ते नाही म्हणाले तरी तुझ्या हातात एक उपाय राहतोच. पैशाचा किंवा ऑर्डरचा कोणताही मेसेज आला की काम करायच्या आधी तोच अर्थ आपल्या शब्दात त्यांना परत पाठवायचा. ‘साहेब, म्हणजे ऑर्डर टाकायच्या आधी तुम्हाला विचारू, बरोबर न?’ इतकंच. मराठीत पाठव, काही बिघडत नाही. तेव्हा हा एक मेसेज गेला असता तं ऑर्डरच गेली नसती. ज्यांना उत्तम इंग्रजी येतं तेही असं विचारून घेतात, मोठ्या कंपन्यांमध्ये तं ही कामाची रीतच असते, यात कमीपणा काही नाही.

आणि ते कास्तकार, ज्यांच्यासमोर बोलणं खाल्लं, त्यांचं टेन्शन घेऊ नको. बियाणं त्यांना वेळेवर मिळालं, ते त्यांच्या लक्षात आहे.

आता रब्बी जवळ आली, हरभऱ्याच्या बियाण्याची विचारणा सुरू होईल. जाकी 9218 हे हरभऱ्याचं वाण लोकं मागतातच. स्टॉक कमी झालेला दिसला की साहेबांचा मेसेज यायची वाट पाहू नको, तूच पहिले पाठव. मी लिहून देते, आवडलं तं असंच पाठव, नाही तं बदलून घे:

“सर, वुई आर रनिंग लो ऑन जाकी सीड. आय हॅव मेड अ लिस्ट ऑफ मेंबर्स हू नीड इट. कॅन आय रन इट बाय यू टुडे, बिफोर आय ऑर्डर?”

म्हणजे जाकीचं बियाणं संपत आलं, कोणाकोणाला पाहिजे त्याची यादी काढली, ऑर्डर टाकायच्या आधी आज तुमच्या नजरेखालून घालू का. यादी मात्र खरोखर काढून ठेव, एकरी किती बियाणं लागते ते धरून, कारण साहेब पुढचा प्रश्न बॅगा किती हाच विचारतील.